उदगीर रांगेतला निळा दगड

"सांगा मॅडम, जगाचा मालक कोण?"

मनिषा सोनकांबळेनं हा प्रश्न मला चौथ्या गिअरमध्ये विचारला. गाडी देगलूरच्या बाहेर पडली होती आणि समोरून उसाची ट्रॉली येत होती. मी डॅशबोर्डला घट्ट धरलं. माझ्या मांडीवर पुठ्ठ्याचे दोन मुकुट होते, मागच्या सीटवर एक कागदी सिंह आडवा झोपला होता. उदगीरच्या एका शाळेत मी दर शनिवारी पोरांचं नाटक बसवते. त्या दिवशी सामान होतं म्हणून स्पेशल गाडी केली होती. गाडीबरोबर तोंडी परीक्षाही असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणीच नाही?" मी घाबरत घाबरत म्हणाले.

"शाब्बास! कुणीच न्हाई!" तिनं ट्रॉलीला अलगद बगल दिली. "देशाच्या आत पोलीस हाय, कोर्ट हाय. पर देशांच्या डोक्यावर कोण हाय? कुणी न्हाई. ह्याला अराजक म्हणतात. अराजक म्हणजे गोंधळ न्हाई बरं का, वर मालक नसणं. पाच मार्काला येतंय."

मग तिनं डोक्यावरच्या उन्हाच्या झापडीमागून झेरॉक्सचं एक जाडजूड पुडकं काढून माझ्याकडे फेकलं. वर पेनानं लिहिलेलं: आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत. एम.ए., बहिःस्थ, दुसरं वर्ष. पानांवर हळदीचे डाग, ग्रीसचे डाग, आणि एका पानावर चक्क टायरचा ठसा.

मनिषाचं वय चौतीस. स्टिअरिंग हातात घेऊन सतरा वर्षं झाली. काळी-पिवळी जीप वडलांची, ग्यानोबा सोनकांबळेंची. त्यांनी देगलूर-उदगीर रस्त्यावर बावीस वर्षं फेऱ्या मारल्या, आणि यंदा डोळ्यांनी दगा दिला.

"बाबांना आता एका म्हशीच्या जागी दोन म्हशी दिसतात," मनिषा म्हणाली. "दूध तेवढंच. लायसन रद्द."

"मग तू मार की रोजच्या फेऱ्या."

"कशी मारू? स्पेशलच्या भाड्यावर दिवस काढून राहिले. रांगेत मला दगड न्हाई."

दगड म्हणजे काय, ते देगलूरच्या स्टँडवर गेल्याशिवाय कळत नाही. तिथं लिंबाच्या झाडाभोवती एक लांबोडका ओटा आहे. ओट्याच्या काठावर बारा दगड ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकाचा रंग वेगळा. एक दगड म्हणजे एक ड्रायव्हर. पहिली गाडी भरली की तिचा ड्रायव्हर आपला दगड उचलून डॅशबोर्डवर ठेवतो आणि निघतो. उदगीरहून परतलेला ड्रायव्हर आधी सगळी रांग पुढं सरकवतो आणि मग आपला दगड सगळ्यात मागं ठेवतो. लेखी काही नाही. युनियन नाही, साहेब नाही, पोलीस तर फक्त चहापुरते येतात. आणि तरी वीस-पंचवीस वर्षांत तिथं नंबरावरून एकदाही डोकं फुटलेलं नाही.

कायदे मोजके. दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरनं पहिल्याच्या गाडीसाठी ओरडून माणसं गोळा करायची, कारण पुढची गेल्याशिवाय मागचीचं दार उघडत नाही. ठेवलेल्या दगडामागं दुसऱ्याचा दगड बसला की पुढचा पक्का झाला, मग देव आला तरी तो हलत नाही. आणि अमावास्येला सगळे दगड धुवायचे. ज्याच्या दगडानं महिनाभरात एकही फेरी केली नाही, तो दगड झाडाखाली आणि त्याची जागा दुसऱ्याला.

हे सगळं सांभाळायला गुरुपादप्पा होते. वय सत्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, ड्रायव्हरकी सोडून पाच वर्षं झालेली. दिवसभर खुर्ची टाकून बसायचे. कुणी नेमलेलं नव्हतं, पण सगळे त्यांनाच विचारायचे.

त्याच शनिवारी, परत आल्यावर, मनिषानं सगळ्यांसमोर विषय काढला.

"अप्पा, बाबांची बारावी जागा हाय. मी चालवते. मला दगड ठेवू द्या."

गुरुपादप्पांच्या आधी संगप्पा बोलला. संगप्पा म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात मोठा गळा. त्यानं "उदगीर" म्हटलं की उदगीरला ऐकू जातं, असं लोक म्हणायचे.

"दगड माणसाचा असतो, गाडीचा न्हाई. ग्यानोबा उठला, जागा उठली. अमावास्येला ती माह्या मेहुण्याला."

"तुमचा मेहुणा? त्याला रिव्हर्स येत न्हाई, अण्णा!"

"तर काय झालं? उदगीर पुढंच हाय की!"

सगळा ओटा हसला. मनिषाही हसली, पण गाडीत बसल्यावर तिनं पुडकं उघडलं आणि पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलं. अमावास्येला तीन आठवडे होते. तेवढ्यात दगड रांगेत बसून एक फेरी झाली नाही, तर बावीस वर्षांची जागा रिव्हर्स न येणाऱ्या माणसाला जाणार होती.

"वास्तववाद," ती म्हणाली. "वर मालक नसंल तर ज्यानं त्यानं आपली ताकद वाढवायची. बघतेच."

दुसऱ्याच दिवशी तिनं मुदखेड जंक्शनहून भंगारातला एक हॉर्न आणला. तो वाजला तेव्हा जंक्शनवरचं इंजिनच रूळ सोडून देगलुरात शिरलं असं लोकांना वाटलं. संगप्पाच्या हातातून कप पडला. संध्याकाळपर्यंत त्यानं ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवून घेतला. संगप्पानं बसवला म्हणून सोमेशनं बसवला. सोमेशनं बसवला म्हणून उरलेल्यांनी. सोमेश तसा गरीब माणूस, पण तो म्हणाला, "सगळे वाजवून राहिले, मी काय शीळ घालू?"

बुधवारी स्टँडवर असा कल्लोळ झाला की एक म्हैस दावं तोडून बँकेत शिरली. प्रवासी कानात बोटं घालून गेले ते थेट एसटीत. दुपारपर्यंत एकही जीप भरली नाही.

"अय्यो शिवा!" गुरुपादप्पा खुर्चीवरून उठले. हे वर्षातून एकदाच व्हायचं. "एनम्मा, काय हे? कुणी चालू केलं?"

"मी स्वतःला वाचवायला बसवला, अप्पा," मनिषा म्हणाली. "अण्णाला वाटलं मी हल्ला करून राहिले. म्हणून त्यानं मोठा बसवला. मग मला वाटलं तो हल्ला करून राहिला. ह्याला सुरक्षेची कोंडी म्हणतात. दहा मार्काला हाय."

"दहा मार्क गेले खड्ड्यात. वायरी तोडा!"

वायरी तुटल्या. सगळ्यांच्या, एकदम, एकमेकांसमोर. कारण आधी कोण तोडणार यावर तासभर वाद झाला होता. मनिषानं मला दुसऱ्या शनिवारी हे सांगताना मान हलवली. "निःशस्त्रीकरण बघा कसं असतं. पकड प्रत्येकाच्या हातात, आणि नजर दुसऱ्याच्या वायरीवर."

ती खचली नव्हती. तिनं दुसरं प्रकरण काढलं होतं.

"उदारमतवाद. ताकदीनं न्हाई होत तर गरजा एकमेकांत गुंतवायच्या. संस्था काढायची. एकदा गुंतले की भांडण परवडत न्हाई."

तिनं पाहणी केली. बारा गाड्या, स्टेपन्या बारा, आणि हवा असलेल्या स्टेपन्या दोन. मग तिनं स्वतःचा चांगला टायर आणि जॅक गुरुपादप्पांच्या खुर्चीमागं ठेवला. ज्याला लागेल त्यानं न्यावा, संध्याकाळी परत आणावा. लाजेकाजेस्तव सोमेशनं एक पाना आणून ठेवला, दुसऱ्यानं पंप. आठवड्यात सामायिक स्टेपनी सुरू झाली आणि इतकी छान चालली की शेजारचे रिक्षावाले विचारायला आले, आम्हाला घेता का.

गुरुवारी करडखेडच्या अलीकडे संगप्पा पंक्चर झाला. मनिषाच्याच टायरवर परत आला.

"मग अण्णा," ती म्हणाली, "आता दगड?"

"टायर लई चांगलाय पोरी. सुखी राहा."

"दगडाचं बोला."

"टायर टायरच्या जागी, दगड दगडाच्या जागी."

तिनं तिसरं प्रकरणही लावून बघितलं. ओट्यावर उभी राहून तिनं मार्क्सवाद सांगितला: काही देश केंद्रात बसतात, बाकीचे परिघावर, आणि परिघाचा रस सगळा केंद्राकडं वाहतो. हे मात्र ड्रायव्हर लोकांना फार आवडलं. "लई खरं हाय!" संगप्पा स्वतः उठला आणि नांदेड-उदगीरचे स्टँडवाले देगलूरची चांगली सवारी कशी पळवतात यावर अर्धा तास बोलला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी सगळा स्टँड क्रांतीला तयार होता.

"फक्त क्रांतीत माझा दगड नव्हता," मनिषा मला म्हणाली. "मी परिघाचा पण परीघ, मॅडम."

तिसऱ्या शनिवारी मी गेले तेव्हा ती गाडीच्या बोनेटवर बसून शेंगा खात होती. शेजारी ओट्यावर पारूबाई, रांगेतल्या गाडीची वाट बघत. पारूबाईची लेक उदगीरला दिलेली. त्या दर शनिवारी पिशवी भरून जातात आणि पुढच्याच सीटवर बसतात, कारण मागं बसलं की त्यांना रस्त्यावर लक्ष ठेवता येत नाही.

"तुझ्या गाडीत कधी बसायचं गं?" पारूबाईंनी विचारलं.

"दगड मिळाला की."

"अन् दगड कोण देतंय?"

मनिषानं नवी शेंग उचलली. "कोण देतंय म्हणजे… सगळे."

पारूबाई संगप्पाकडे वळल्या. "काय रं संगप्पा, बाईला दगड न्हाई हे कुणी ठरवलं?"

"कुणी न्हाई ठरवलं. असंच हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून असंच हाय, मावशी."

"पहिल्यापासून? तू तर मला पहिल्यापासून वळखतो. तवा हितं बैलगाडी लागायची. तुझा दगड बी नव्हता."

शेंग मनिषाच्या हातात तशीच राहिली. ओट्याच्या टोकाला ग्यानोबाकाका काठी टेकून बसले होते. ते खुदकन हसले.

"बाबा, तुम्हाला दगड कुणी दिला?"

"मला? कुणी न्हाई. मीच ठेवला." त्यांनी आवाज खाली आणला नाही. "आमच्या वस्तीतला पहिलाच ड्रायव्हर मी. येणारा प्रत्येक जण रांग सरकवायचा अन् आपला दगड माह्या दगडाच्या पुढं ठेवायचा. कुणी न्हाई म्हणलं न्हाई, कुणी हाव म्हणलं न्हाई. बावीस दिवस माहा दगड शेवटी. बावीस वर्षांतले ते बावीस दिवस सगळ्यात लांब बघ. अन् मग तेविसाव्या दिवशी हे आले उदगीरहून." त्यांनी काठी गुरुपादप्पांकडे केली. "रांग सरकवली, माहा दगड सरकवला, अन् आपला मागं ठेवला. झालं. काही बोलले बी न्हाईत."

"काय बोलायचं त्याच्यात," गुरुपादप्पा पुटपुटले. "दगड होता, सरकवला." मग मनिषाकडे वळून म्हणाले, "आता माझा दगड न्हाई, अम्मा. असता तर आजच ठेवला असता."

मनिषानं पुडकं उघडलं. चौथं प्रकरण, टायरचा ठसा असलेलं. "रचनावाद! ह्या पानाला मी हातच लावला नव्हता, लई अवघड वाटायचं! हे बघा मॅडम. मालक नसणं म्हणजे भांडणच, असं कुठं लिहिलेलं न्हाई. देश एकमेकांशी जसं वागतात तसं ते घडत जातं. कोण दोस्त, कोण दुश्मन, कुणाला देश म्हणायचं, सगळं वागण्यातून. नियम पुस्तकात न्हाई, हातात असतो!"

तिनं गाडीच्या सीटखालून वडलांचा निळा दगड काढला, ओढणीनं पुसला, आणि रांगेच्या शेवटी ठेवला.

संगप्पा उठला, दगडाजवळ आला. ग्यानोबाकाका तिथंच बसलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा दगड उचलायची छाती त्याला झाली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "शेवटीच राहील."

आणि राहिला. रविवार, सोमवार, मंगळवार. प्रत्येक ड्रायव्हर येई, रांग सरकवी, आपला दगड निळ्याच्या पुढं ठेवी. सोमेश तर ठेवताना "माफ कर ताई" म्हणायचा. ती रोज सकाळी सहाला येई आणि काच पुसून बसे. शुक्रवारी तिनं मला फोन केला.

"मॅडम, उद्या शेवटचा दिवस. परवा अमावास्या."

"मग काय करायचं?"

"काही न्हाई. बसायचं. तुमचा सिंह आणा, मागची सीट तरी भरलेली दिसंल."

चौथा शनिवार. मी सिंह आणि मुकुट घेऊन पोचले तेव्हा रांगेत तीन दगड होते आणि चौथा निळा. पारूबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. "आज मी दुसऱ्या गाडीत चढायची न्हाई," त्यांनी जाहीर केलं होतं, आणि दोन गाड्या सोडल्या होत्या. पुढची गाडी भरली, निघाली, पहिली जागा रिकामी झाली.

तेवढ्यात उदगीरहून संगप्पा आला. फोन कानाला, घाम गळतोय, पिवळा दगड हातात.

"अरे उद्या तुहा नंबर पक्का म्हणलं ना! पक्का! माह्यावर इस्वास न्हाई का?" तो फोनवर ओरडत होता. मेहुणाच होता पलीकडे. "दगड रंगवून आण. हिरवा नको, हिरवा सोमेशचा हाय… अरे रिव्हर्सचं नंतर बघू!"

बोलता बोलता त्याचा डावा हात कामाला लागला. तो हात पंधरा वर्षं हेच करत आलेला. लाल दगड पुढं. पांढरा पुढं. निळा पुढं. आणि शेवटी पिवळा, टप्प.

मी मुकुट तोंडावर धरला. पारूबाईंनी माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की अजून खूण आहे. मनिषा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर त्यानं उचलला असता.

मग सोमेश आला. त्यानं रांग बघितली. डोळे चोळले. पिवळ्याच्या पुढं निळा! त्यानं संगप्पाकडे बघितलं, मनिषाकडे बघितलं, आणि पटकन आपला हिरवा दगड पिवळ्याच्या मागं ठेवून दोन पावलं मागं सरला.

संगप्पानं फोन खिशात टाकला. चहा मागवला. अर्धा कप प्याल्यावर त्याची नजर ओट्यावर गेली.

"हे कुणी केलं?"

"तू," गुरुपादप्पा म्हणाले.

"मी?"

"तुझ्या डाव्या हातानं."

"मी फोनवर होतो!"

"हात न्हवता फोनवर."

"हे मला मंजूर न्हाई! मला माहीत नव्हतं!"

"मला बी नव्हतं," गुरुपादप्पा शांतपणे म्हणाले. "ग्यानोबाच्या टायमाला. मी बी तंबाखू मळत होतो. नंतर बघितलं तर दगड मागं बसलेला. म्हणलं, आता बसलाय तर बसू दे."

ग्यानोबाकाकांनी मान वर केली. बावीस वर्षांनी ही नवीनच बातमी. "अप्पा! तुमी चुकून ठेवला?"

"पहिल्या दिवशी चुकून. दुसऱ्या दिवशी मुद्दाम."

संगप्पानं आपला पिवळा दगड उचलायला हात पुढं केला.

"उचल की," सोमेश म्हणाला. "उचलला तर माह्या मागं जावं लागंल. आज बाजार हाय, अण्णा."

हात हवेत थांबला. बाजाराच्या दिवशी मागं जायचं म्हणजे एक फेरी गेली. आणि निळा तर आता तसाही हलणार नव्हता. संगप्पानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, जणू तो धुळीसाठीच पुढं केला होता.

लाल गेली. पांढरी गेली. दुपारी पावणेदोनला मनिषाची काळी-पिवळी पहिल्या जागेवर येऊन लागली. पारूबाई पुढच्या सीटवर, मी मागं, माझ्या शेजारी सिंह. सात सीट रिकाम्या. आणि दुसऱ्या नंबरवर कोण, तर संगप्पा.

आता त्यानं ओरडायचं होतं.

तो उभा राहिला. हाताची घडी, तोंड बंद. देगलूरचा सगळ्यात मोठा गळा, आणि एक अक्षर नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्याच्या गाडीपाशी पाच-सहा माणसं जमली होती, ती दार वाजवायला लागली.

"उघडा की हो! उन्हात कामून उभं केलंय?"

"पुढची गेल्याबिगर उघडता येत न्हाई."

"मग पुढची घालवा!"

"अण्णा, ओरड की!" मागून सोमेश. "सगळे अडकून राहिलो!"

मनिषानं खिडकीतून डोकं काढलं. "अण्णा, गळा दुखतो का? आल्याची गोळी देऊ?"

संगप्पानं आभाळाकडे बघितलं. छाती भरून घेतली. आणि मग जे निघालं ते त्या भंगारातल्या हॉर्नला लाजवणारं होतं.

"उदगीर! उदगीर! उदगीरऽऽऽ!"

"कुणाची गाडी, अण्णा? सांगा की लोकांना!"

"मनिषाची गाडीऽऽ! निळ्या दगडाची! चला मावशी, चला काका, बाई मस्त चालवती, रिव्हर्स बी येतंय! बसा लवकर, हिची गेल्याबिगर माही निघत न्हाई!"

माणसं धावली. त्याच्या गाडीपाशी उभे असलेलेही धावले. कोंबडीची पाटी आली, एक शिलाई मशीन आलं, सिंहाच्या पोटावर एक आजोबा बसले आणि त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. संगप्पा घामाघूम होऊन एकेकाला आत ढकलत होता, "सरका, सरका, अजून एक बसतंय," आणि त्याचा फोन वाजत होता. त्यानं तो खांदा आणि कानात धरला.

"थांब रं, गाडी भरून राहिलो… कुणाची काय कुणाची! तू आधी रिव्हर्स शिक!"

मनिषा उतरली, ओट्यापाशी गेली, निळा दगड उचलला आणि डॅशबोर्डवर पुडक्याच्या शेजारी ठेवला. इंजिन सुरू झालं.

ओट्याच्या टोकाला ग्यानोबाकाका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"बाबा, जाते!"

"मला दोन गाड्या दिसून राहिल्या," ते म्हणाले. "दोन्हीत तूच हायस."